ईश्वरी सत्ता आणि मानवी दायित्व

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल दोषी ठरविले. शिक्षेपूर्वी काही सांगावयाचे आहे काय, असे न्यायमूर्ती दावर यांनी विचारले, तेव्हा टिळकांनी दिलेले उत्तर पुढे त्याच न्यायालयाच्या भिंतीवर कोरले गेले. ज्यूरीचे मत काहीही असले तरी आपण निर्दोष आहोत. माणसांचे व राष्ट्रांचे भवितव्य याहून श्रेष्ठ शक्तींच्या हाती असते. आणि आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या क्लेशांनीच आपले कार्य अधिक फळास यावे, अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल, असा त्याचा आशय होता.

या उत्तरातील धैर्याचे गोडवे पुष्कळ गाइले गेले. त्यातील विचाराची चिकित्सा मात्र क्वचितच होते. माणसाच्या दुष्कृत्यातूनही ईश्वर कल्याण घडवितो, ही श्रद्धा अनेक धर्मपरंपरांत आढळते. बायबलमधील योसेफाला त्याच्या भावांनी वीस रुप्यांस विकले. पुढे तो मिसर देशाचा अधिकारी झाला, सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पंचमांश साठविला आणि दुष्काळात त्याच भावांना जगविले. भावांचा हेतू दुष्ट होता, हे तो झाकून ठेवीत नाही. त्यांच्या कृतीतून ईश्वराने मात्र निराळेच साधले, असे म्हणून तो त्यांना अभय देतो.

या श्रद्धेवर एक गंभीर आक्षेप आहे. शेवटी सारे चांगलेच होणार असेल, तर अन्यायाचा प्रतिकार कशाला करावयाचा आणि अन्याय करणाऱ्यास जाब तरी कोणी विचारावयाचा? या आक्षेपाला टिळकांच्या वर्तनातच उत्तर सापडते. ईश्वरावर भार टाकण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या बचावाचे भाषण स्वतः केले आणि ते सुमारे २१ तास चालले. मानवी प्रयत्नांची पराकाष्ठा झाल्यावर उच्चारलेली ती श्रद्धा होती. प्रयत्न टाळण्यासाठी शोधलेली सबब नव्हती. त्यातही ‘कदाचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ईश्वराची योजना आपणांस कळली आहे, असा दावा त्यांनी केला नाही.

पुढे काय घडले, हे सर्वश्रुत आहे. सहा वर्षांच्या शिक्षेपैकी बहुतेक काळ मंडालेच्या तुरुंगात गेला. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून झाले आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १९१४ मध्ये सुटलेल्या टिळकांनी दोनच वर्षांत होमरूल लीग उभारली. कार्य फळास आले, यात शंका नाही.

तथापि, जमाखर्चाची एकच बाजू वाचून चालत नाही. टिळक मंडालेस असतानाच, १९१२ मध्ये, सत्यभामाबाई वारल्या. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही. शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला आणि त्या दंगलीतील गोळीबारात काही माणसे प्राणास मुकली. ‘गीतारहस्या’चे मोल कितीही मोठे मानले, तरी ते या मृतांच्या नावे जमा करता येत नाही. आणि जे कल्याण झाले ते तरी शिक्षा देणाऱ्या राजसत्तेच्या खाती कसे मांडावयाचे? तुरुंगात टाकणाऱ्यांचा हेतू ग्रंथ लिहवून घेण्याचा नव्हता. फळ श्रद्धेला आणि परिश्रमाला लागले. अन्याय हा अन्यायच राहिला.

हा भेद आजच्या सार्वजनिक व्यवहारातही विसरला जातो. धरणाच्या पाण्याने शेकडो गावे भिजली, म्हणून बुडालेल्या गावांच्या पुनर्वसनातील दिरंगाई क्षम्य ठरत नाही. विस्थापितांची पुढची पिढी शहरात जाऊन शिकली व सावरली, तर ते तिचे कर्तृत्व होय. ज्यांनी भरपाई बुडविली त्यांचे ते उपकार नव्हेत. ‘झाले ते बऱ्यासाठीच झाले’ हे वाक्य ज्याने सोसले त्याच्या तोंडी श्रद्धा असते. ज्याने सोसावयास लावले त्याच्या तोंडी ते कांगावा ठरते. योसेफाने भावांना धीर दिला, तो त्याचा अधिकार होता. भावांनीच ते वाक्य योसेफाला ऐकविले असते, तर ती क्रूर थट्टा झाली असती.

ईश्वराच्या सार्वभौम सत्तेवरील विश्वास माणसाचे दायित्व हलके करीत नाही. तो पीडिताला सूडाच्या आणि निराशेच्या ओझ्यातून मोकळा करतो, एवढे त्याचे कार्य पुरेसे मोठे आहे. ज्याच्या हातून अन्याय घडला, त्याने मात्र ईश्वराच्या योजनेचा शोध घेण्याऐवजी आपले देणे आधी फेडावे.