पहिल्या पावसाआधी बेडूक कुठे असतात?

नाशिकमध्ये बेडकांवर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो. सिन्नर-येवल्याकडे वैशाखात जमीन भेगाळलेली असते. मृगाचा एक दणकट पाऊस पडतो आणि त्याच रात्री डराव-डराव सुरू! हे बेडूक आले कुठून? आभाळातून पडतात, असं सांगणारेही आम्हाला भेटतात. खरं तर ते आपल्या पायाखालीच असतात.

हे समजायला आधी बेडकाची कातडी समजून घेऊ. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीवर पोट टेकून बसतो आणि कातडीतून पाणी शोषतो. फुप्फुसं असतात, पण प्राणवायूचा बराच भाग तो कातडीतूनही घेतो. म्हणून ती पातळ आणि ओलसर असावी लागते. उन्हात ती सुकली, तर बेडूक मेलाच.

इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, तिथे ओलीची चिंता कमी. पूर्वेकडच्या तालुक्यांत तो जेमतेम ५०० च्या आसपास. तिथे बिळात राहणाऱ्या गोलमटोल बेडकांची युक्ती बघा. मागच्या पायांच्या तळव्यांवर फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. त्याने माती उकरत ते मागच्या मागे जमिनीत उतरतात. खाणं बंद, हालचाल बंद, श्वास आणि हृदयाचे ठोके मंद. मूत्राशयात साठवलेलं पाणी पुरवून वापरतात. याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात.

पाऊस मुरला की ते वर येतात. नर गळ्याची पिशवी फुगवून माद्यांना साद घालतात. अंडी घालायची ती साध्या डबक्यात. शेपटीवाली पिल्लं, म्हणजे टॅडपोल, आधी कल्ल्यांनी श्वास घेतात. मग पाय फुटतात, शेपूट जिरते. हे सगळं डबकं आटायच्या आत उरकावं लागतं. तेवढे काही आठवडे चुकले, तर त्या डबक्यातली वर्षभराची पिढी गेली.

आता आपल्याशी संबंध कुठे येतो? जी कातडी पाणी आत घेते, ती पाण्यातलं कीटकनाशकही आत घेते. बेडूक शेतातले किडे खातो, आणि आपण मात्र फवारणीचा पंप त्याच्याच डबक्यात धुतो! बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. पण डबक्यातल्या विषाचं काम आपल्यालाच करायचं आहे.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. पंप ओढ्यात किंवा डबक्यात धुऊ नका. पावसाळ्यात बांधाकडेची डबकी लगेच बुजवू नका. उन्हाळ्यात नांगरताना ढेकळात बेडूक निघाला, तर हात ओला करून उचला आणि सावलीतल्या भुसभुशीत मातीत ठेवा. पुढचं तो बघून घेतो.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.