गिटारींची अदलाबदल

आपल्या घरांतून पेटी, ढोलकी व टाळ असतातच. आता कोपऱ्यात गिटारही दिसते. मुलाने हट्ट धरला की पालक आम्हांला विचारतात, "गुरुजी, कोणती घ्यावी?" आम्ही काही मोठे वादक नव्हे. पण आजवर 7 गिटारी घेतल्या, बदलल्या, विकल्या. त्यांपैकी एका बदलीची रुखरुख अजून आहे.

1998 साली वडिलांनी क्युरपिपच्या एका वृद्ध वादकाकडून आम्हांला पहिली गिटार घेऊन दिली. नायलॉनच्या तारांची, मळकट, पण आवाज गोड. 2003 साली रेद्वीला शिक्षक-प्रशिक्षण घेत असताना एका सहाध्यायाकडे पोलादी तारांची, मोठ्या पोटाची, चकचकीत गिटार पाहिली. या आकाराला ड्रेडनॉट म्हणतात. अमेरिकेच्या मार्टिन कारखान्याने तो 1916 साली प्रथम बनविला. नाव इंग्रजांच्या युद्धनौकेचे. भजनातही ही ऐकू जाईल, या मोहाने आम्ही जुनी गिटार दिली आणि वर 2 हजार रुपये मोजले. बाबा काही बोलले नाहीत.

पुढे कळले की नवीचा दर्शनी पृष्ठभाग प्लायवूडचा होता, जुनीचा अखंड लाकडाचा. ओळखणे सोपे आहे. मधल्या गोल भोकाची कड पाहावी. वरच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरत असतील तर लाकूड अखंड; थर दिसले तर प्लायवूड. मात्र प्लायवूडला अगदीच नावे ठेवू नयेत. क्युरपिपच्या दमट हवेत अखंड लाकूड फुगते, तारा वर उचलल्या जातात व बोटे दुखतात. प्लायवूड ते बरेच सोसते. उलट फ्लिक-आं-फ्लाकच्या उन्हात बंद मोटारीत ठेवली तर कोणत्याही गिटारीचा सरस सुटू शकतो. रावान शेकोटीवर तापवून वाजवतात. गिटारीला ती ऊब दाखवू नये!

पाठ व बाजू पुष्कळदा शिसवी असतात. पूर्वी ब्राझीलचे शिसव वापरीत; 1969 च्या सुमारास मार्टिनने भारतीय शिसव घेतले. आपले पूर्वज जो मुलूख सोडून आले, तेथील सह्याद्रीच्या रानातही हे झाड वाढते.

दोन गिटारी ताडून पाहताना गाणे एकच असावे आणि तारा सारख्याच नव्या असाव्यात. जुन्या तारांनी चांगली गिटारही मुकी वाटते. वाजवायला दुसऱ्याला द्यावी, आपण समोर बसून ऐकावे.

आमची पहिली गिटार शोधली, तेव्हा ती विकली जाऊन रॉड्रिग्सला गेल्याचे कळले. गेल्या वर्षी मुलीसाठी घ्यायची होती म्हणून बाबांना दुकानात बरोबर नेले. मुलीने तीन गिटारींवर एकच चाल वाजविली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. तिसरीला म्हणाले, "ही तुझ्या पहिलीसारखी बोलते रे."

त्या दिवशी आम्ही घासाघीस करायचे विसरलो.