उडत्या तबकड्यांच्या सरकारी फायलींत नेमके काय दडले आहे?

हिंगोली : हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुगा केंद्रातून हिवाळ्याच्या हंगामात वैज्ञानिक उपकरणे घेऊन जाणारे प्रचंड फुगे आकाशात सोडले जातात. पॉलिथिनच्या अतिशय पातळ पापुद्र्याचे, हायड्रोजन वायूने भरलेले हे फुगे ३० ते ४० किलोमीटर उंची गाठतात. काम आटोपले की उपकरणांची पेटी रंगीत हवाई छत्रीला लटकून खाली येते आणि हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरच्या टापूत कोठेतरी शेतात पडते. हिंगोली शहर हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. म्हणूनच या उड्डाणांपूर्वी संस्थेतर्फे वृत्तपत्रांतून निवेदन दिले जाते : पेटी आढळल्यास तिला हात लावू नये, नजीकच्या पोलिस ठाण्यास किंवा टपाल कार्यालयास कळवावे, पेटी जशीच्या तशी परत मिळाल्यास शोधणाऱ्यास बक्षीस देण्यात येईल.

हे निवेदन ज्याने वाचलेले नसते, त्याच्या दृष्टीने मात्र पहाटेच्या अंधारात स्थिर राहून चमकणारा तो गोळा ही अनोळखी वस्तूच असते. ४० किलोमीटर उंचीवर सूर्याची किरणे जमिनीच्या सुमारे २५ मिनिटे आधी पोहोचतात. खाली गावात दिवे लागलेले असताना वरचा फुगा उन्हात न्हाऊन निघालेला असतो, आणि तो चमकतो तो यामुळेच.

अज्ञात उडत्या वस्तूंविषयी जगभरातील सरकारांनी गेल्या काही दशकांत खुली केलेली कागदपत्रे वाचताना हा फुगा ध्यानात ठेवावा लागतो. या कागदपत्रांतील सर्वांत गाजलेल्या प्रकरणाची सुरुवातच एका फुग्यापासून झाली आहे. जुलै १९४७ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात रॉसवेलजवळ काही अवशेष सापडले. तेथील लष्करी तळाने 'उडती तबकडी' हाती लागल्याचे पत्रक काढले आणि लगेच ते मागे घेऊन तो हवामानाचा फुगा असल्याचा खुलासा केला. या खुलाशावर अनेकांचा विश्वास बसला नाही, आणि तो बसू नये हे एका अर्थी योग्यच होते. तो साधा हवामानाचा फुगा नव्हताच. सोव्हिएत संघाच्या अणुचाचण्यांचे ध्वनितरंग वातावरणाच्या वरच्या थरांत टिपण्यासाठी 'प्रोजेक्ट मोगल' नावाची गुप्त योजना राबविली जात होती; अवशेष त्या योजनेतील फुग्यांच्या माळेचे होते, असा निष्कर्ष अमेरिकी हवाई दलाने १९९४ मधील अहवालात काढला. म्हणजे सरकार काहीतरी लपवीत होते हा लोकांचा संशय खरा होता; काय लपवीत होते याचा अंदाज तेवढा चुकला.

हीच गोष्ट पुढे विमानांच्या बाबतीत घडली. १९५५ पासून अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाची चाचणी उड्डाणे सुरू झाली. त्या काळी प्रवासी विमाने १० ते २० हजार फुटांवरून जात. यू-२ मात्र ६० हजार फुटांच्या वर उडे. खाली संध्याकाळ झालेली असताना त्याचे चंदेरी पंख सूर्यप्रकाशात झळकत आणि प्रवासी विमानांचे वैमानिक नियंत्रण कक्षाला अज्ञात वस्तूची खबर देत. सीआयएच्या इतिहास विभागासाठी जेराल्ड हेन्स यांनी लिहिलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आणि साठच्या दशकात आलेल्या निम्म्याहून अधिक खबरी या टेहळणी विमानांच्या होत्या, असा दावा त्यात आहे. हे प्रमाण अन्य अभ्यासकांना मान्य नाही. त्यांचा आक्षेप ग्राह्य धरला, तरी त्या अभ्यासातील दुसरी कबुली अधिक महत्त्वाची ठरते : तपास अधिकाऱ्यांना अनेकदा खरे कारण ठाऊक असे, परंतु जनतेला हिमकण, तापमानातील उलटफेर अशी नैसर्गिक कारणे सांगितली जात.

अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या प्रदीर्घ तपासाचा आकडा नेहमी उद्धृत होतो. १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींचा उलगडा झाला नाही. या ७०१ नोंदी म्हणजे परग्रहवासीयांचा पुरावा, असे मानणारा मोठा वर्ग आहे. वस्तुतः 'अनुत्तरित' हा शेरा वस्तूविषयी फारसे सांगत नाही, तो बहुधा नोंदीविषयी सांगतो : वेळ नीट लिहिलेली नाही, दिशा नाही, साक्षीदार एकच. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने २००८ ते २०१३ या काळात आपल्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारामार्फत टप्प्याटप्प्याने खुल्या केल्या. त्याच दरम्यान, २००९ मध्ये, त्या मंत्रालयाने हा कक्ष बंद केला होता. पन्नासहून अधिक वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका असल्याचे आढळले नाही, असे कारण देण्यात आले. फ्रान्सच्या अवकाश संस्थेने २००७ पासून आपली प्रकरणे सर्वांना पाहता येतील अशी ठेवली. अमेरिकेच्या गुप्तचर संचालकांच्या जून २०२१ च्या अहवालात १४४ नोंदींपैकी एकाच वस्तूची खात्रीपूर्वक ओळख पटली होती. ती वस्तू हवा निघून गेलेला एक मोठा फुगा होती!

भारताचा उल्लेख या कागदपत्रांत आहे. सीआयएने खुल्या केलेल्या एप्रिल १९६८ च्या एका टिपणात लडाख, नेपाळ, उत्तर सिक्कीम आणि भूतान येथे फेब्रुवारी व मार्च महिन्यांत दिसलेल्या तेजस्वी वस्तूंची माहिती संकलित केलेली आहे. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळ खड्ड्यात धातूची तबकडीसारखी वस्तू सापडल्याचेही त्यात म्हटले आहे. हे वर्णन महाराष्ट्रातील वाचकाला अनोळखी वाटणार नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भ व उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांग सरकताना हजारो लोकांनी पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी या अग्निबाणाचा टप्पा वातावरणात परतला असावा, असे अंतराळ-अभ्यासकांनी सांगितले. इस्रोच्या पथकाने अवशेषांची पाहणीही केली. अग्निबाण कोणाचा व केव्हाचा, हे सांगणाऱ्या कक्षांच्या नोंदी जगाला खुल्या असल्यानेच हा उलगडा एक-दोन दिवसांत होऊ शकला.

लडाखमधील दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. २०१२ च्या उत्तरार्धापासून काही महिन्यांत चीनच्या सीमेवरील सैनिकांनी क्षितिजावर दिसणाऱ्या प्रकाशमान वस्तूंच्या तीनशेहून अधिक नोंदी केल्या. हेरगिरी करणारी मानवरहित विमाने असावीत, हा संशय सीमेवर स्वाभाविकच होता. अखेर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले. एक वस्तू शुक्र आणि दुसरी गुरू, असा त्यांचा निष्कर्ष २०१३ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला. सैनिकांची थट्टा करण्याचे येथे कारण नाही. त्यांनी वेळ आणि दिशा काटेकोरपणे लिहिली होती, म्हणूनच शास्त्रज्ञांना ग्रहांच्या स्थानांशी ती ताडून पाहता आली.

याउलट १९ नोव्हेंबर २०२३ चे इम्फाळ प्रकरण. विमानतळाजवळ अज्ञात वस्तू दिसल्याने विमानांची ये-जा काही तास थांबली. हवाई दलाने आपली हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली आणि ती छोटी वस्तू त्यानंतर दिसली नाही, असे निवेदन दिले. यापलीकडचा तपशील जाहीर झाला नाही. कोणत्या रडारने काय टिपले हे सांगितले, तर रडारला काय दिसत नाही तेही शत्रूला कळते. लष्कराच्या मौनाचे खरे कारण बहुधा हेच असते. गुप्तता पाहणाऱ्या डोळ्याची असते, आणि सामान्य माणूस ती पाहिलेल्या वस्तूची समजतो.

न उमगलेल्या गोष्टीसोबत राहणे म्हणजे काय, हे हिंगोली जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि परिसरातील गावांनी भूगर्भातून येणारे गूढ आवाज वर्षानुवर्षे ऐकले आहेत. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा वेळ, केंद्र आणि खोली राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने तत्काळ जाहीर केली. आवाजांमुळे वाटणारी भीती त्याने पूर्णपणे गेली नसेल, परंतु अफवेला वाव कमी उरला. औंढा नागनाथजवळ दुधाळा शिवारात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या अमेरिकेतील भावंडांची निरीक्षणे ठरावीक काळानंतर कोणालाही उतरवून घेता येतात. आकाशाच्या नोंदी ठेवण्याची ही दुसरी रीत आहे.

लष्कराच्या नोंदी नागरिकाला मागता येतात काय? माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. मात्र कलम ८ मध्ये मोठी अट आहे. इतर बरीच माहिती २० वर्षांनंतर द्यावी लागते. देशाच्या सुरक्षेशी निगडित माहितीला ती मुदत लागू नाही. शिवाय भारतात अमेरिका वा फ्रान्ससारखा अशा नोंदींचा स्वतंत्र विभाग नाही. त्यामुळे 'उडत्या तबकड्यांची माहिती द्यावी' असा अर्ज केल्यास 'अशी माहिती उपलब्ध नाही' एवढेच उत्तर येण्याचा संभव अधिक, आणि ते उत्तर खोटेही नसेल. अमुक दिवशी, अमुक वेळी पोलिस नियंत्रण कक्षात झालेल्या नोंदीची प्रत मागितली, तर शोधण्यासारखा कागद निदान समोर असतो. राज्य शासनाच्या कार्यालयाकडे अर्ज करताना तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो.