खेळ फोनमध्ये, पाय मात्र रस्त्यावर

पोळ्याचा दिवस. नागपूरला शिकायला ठेवलेला मुलगा दोन दिवसांसाठी गावी आलेला असतो. बैल सजले, तोरण बांधून झाले, आणि हा मात्र मारुतीच्या पारापाशी फोन डोळ्यांसमोर धरून घिरट्या घालतो आहे. मध्येच थांबतो, काचेवर बोटाने काहीतरी भिरकावल्यासारखे करतो आणि एकटाच हसतो. आजी घाबरून म्हणते, "अगं बाई, पोराला बाहेरची बाधा तर नाही ना झाली?"

वाचकहो, ही बाधा नाही. हा एक नव्या तऱ्हेचा खेळ आहे. त्याला हसण्यापूर्वी आणि मुलावर रागावण्यापूर्वी तो नीट समजून घेऊ या. त्यात थोडे चांगले आहे आणि थोडे जिवावर बेतणारेही आहे.

हा खेळ आहे तरी कसा?

फोनचा कॅमेरा समोरचे खरे दृश्य दाखवतो आणि फोन त्यावर एक काल्पनिक चित्र बसवतो. बैलावर झूल चढवावी, तशी खऱ्या जगावर ही चित्रांची झूल. इंग्रजीत याला 'ऑगमेंटेड रिअॅलिटी' म्हणतात. आपण कोठे उभे आहोत हे फोनला उपग्रहाच्या मदतीने कळते. त्यामुळे पारापाशी एक काल्पनिक प्राणी दिसतो, तर शाळेपाशी दुसरा.

या जातीचा सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे 'पोकेमॉन गो'. तो जुलै २०१६ मध्ये परदेशात निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या देशात रीतसर आला. प्राणी पकडायचे, अंडी मिळवायची आणि ती उबवायची. अंडे उबवायचे तर काही किलोमीटर चालावे लागते. खेळातले सामान पुतळे, बागा, देवळे अशा सार्वजनिक जागी मिळते. नागपूरसारख्या शहरात अशा जागांना तोटा नाही. म्हणून फुटाळ्याच्या काठी किंवा महाराजबागेत मुले फोन पुढे धरून हिंडताना दिसली, तर नवल वाटू देऊ नका.

चांगले काय?

पहिली गोष्ट म्हणजे हा खेळ पोराला खाटेवरून उठवतो. बाकीचे फोनचे खेळ बसून खेळायचे, हा चालत खेळायचा. दुसरी गोष्ट म्हणजे यातला मोठा प्राणी एकट्याला सहसा हरत नाही, पाच-दहा जणांना एकत्र यावे लागते. परक्या शहरात खोली करून राहणाऱ्या, लाजाळू मुलाला चार सोबती मिळाले तर ते काही वाईट नाही.

पण या गुणाचेही फार कौतुक नको. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली तरुण खेळाडूंची पावले मोजली. पहिल्या आठवड्यात ती दिवसाला साडेनऊशेच्या आसपास वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा होती तेथे आली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते असे!

धोका कोठे आहे?

धोका एकाच गोष्टीत आहे. डोळे काचेवर असतात आणि पाय जमिनीवर. ऑगस्ट २०१६ मध्ये जपानमधल्या तोकुशिमा येथे हा खेळ खेळत गाडी हाकणाऱ्या माणसाने दोन स्त्रियांना धडक दिली, त्यातली एक दगावली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी एका जिल्ह्यातील पोलिसांच्या अपघात-नोंदी तपासल्या. खेळाचे सामान मिळणाऱ्या जागांजवळ अपघात वाढल्याचे त्यांना आढळले.

हे सारे दूर देशीचे झाले म्हणाल, तर आपल्याकडचे ऐका. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीजवळ रुळांपाशी फोनवर 'पबजी' खेळण्यात गुंगलेले दोन तरुण आगगाडीखाली सापडले. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून आठ तरुण बुडाले. त्याआधी नावेतून फेसबुकवर थेट चित्रण चालले होते. यातला एकही खेळ 'पोकेमॉन गो' नव्हता, हे खरे. पण चूक तीच. मन फोनमध्ये होते आणि देह रुळावर, पाण्यावर.

आणि शेतकऱ्याच्या घराभोवती तर धोके जास्तच. बिनकठड्याची विहीर, धुऱ्यावरच्या गवतातला साप, रानडुकरांसाठी कोणी चोरून वीज सोडलेले कुंपण. यातले काहीही फोनच्या नकाशात दिसत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी कपाशीतून वाट काढणारा तुम्ही-आम्ही खाली बघून चालतो. खेळणारा पोरगा खाली बघत नाही.

घरात काय ठरवाल?

नुसते "फोन ठेव" म्हणून भागत नाही. पोर तुमच्या नजरेआड खेळेल. त्यापेक्षा त्याच्याशी बसून चार गोष्टी ठरवा. चालताना फोन खाली. थांबायचे, आजूबाजूला बघायचे, मगच काचेकडे. गाडीवर असताना खेळ पूर्ण बंद. वेगात असलेल्याला हा खेळ स्वतःच बजावतो, पण एक बटण दाबले की ती सूचना निघून जाते. तेव्हा तिच्यावर विसंबू नका. विहीर, तलाव, रूळ आणि दुसऱ्याचे शेत येथे खेळायचे नाही. अंधार पडल्यावर एकट्याने जायचे नाही आणि अनोळखी माणसाने बोलावले म्हणून तर मुळीच नाही. शिवाय या खेळात खरे रुपये देऊन खोटी नाणी विकत मिळतात. तेव्हा बँकेला जोडलेला तुमचा फोन लहान मुलाच्या हाती सोडू नका.

आणि एक दिवस तुम्हीही त्याच्याबरोबर निघा. त्याला म्हणावे, "दाखव बाबा, तुझा प्राणी कोठे आहे तो." तो प्राणी दाखवील. तुम्ही त्याला बांधावरची पाऊलवाट दाखवा, आजोबांनी लावलेला आंबा दाखवा, कोणत्या विहिरीला कठडा नाही तेही दाखवा. खेळातला प्राणी निसटला तर उद्या दुसरा मिळेल. पोर मात्र दिवेलागणीला घरी आले पाहिजे.