पेढी इतवारीत, कारखाना बुटीबोरीत : आकड्यांचे सॉफ्टवेअर निवडताना

नागपूरच्या व्यापारी कुटुंबांत एक रचना आता सर्रास दिसते. जुनी पेढी इतवारीत किंवा गांधीबागेत आणि पुढच्या पिढीने उभारलेला कारखाना बुटीबोरीच्या एमआयडीसीत. मध्ये वर्धा मार्गाचे तीसेक किलोमीटर अंतर. खरेदी काका पाहतात, कारखाना पुतण्या सांभाळतो, वसुली मोठ्या भावांकडे आणि वह्या मुनीमजींकडे. पूर्वी दिवेलागणीला सारे गादीवर एकत्र बसत आणि रोजमेळ जुळला की दिवसभराचा व्यवहार प्रत्येकाला ठाऊक होई. आज रोजमेळ टॅलीत असतो, उत्पादनाची नोंद कारखान्यातील एक्सेलमध्ये, भावाची बोलणी व्हॉट्सॲपवर. आणि कोणत्या ग्राहकाला किती दिवस उधारी द्यायची, हे मोठ्या भावांच्या मनात. माहिती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहे, परंतु ती एका ठिकाणी येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन देणारी सॉफ्टवेअर ‘बिझनेस इंटेलिजन्स’ या नावाने विकली जातात. नाव नवे वाटले तरी कल्पना बाजाराइतकी जुनी आहे. १८६५ साली रिचर्ड डेव्हन्स या लेखकाने आपल्या व्यापारी किश्श्यांच्या ग्रंथात हा शब्दप्रयोग केला, तो हेन्री फर्नेस या सावकाराबद्दल. युद्धाच्या बातम्या इतरांच्या आधी हाती याव्यात अशी व्यवस्था त्याने केली होती आणि त्या जोरावर तो नफा कमावीत असे. पुढे १९५८ मध्ये आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी याच नावाचा निबंध लिहून हे काम यंत्राकडे सोपवण्याचा मार्ग मांडला. आजची सॉफ्टवेअर निरनिराळ्या नोंदवह्यांतील आकडे एकत्र आणतात, जुळवतात आणि आलेख किंवा कोष्टकाच्या रूपाने पडद्यावर दाखवतात. त्यांचे काम एवढेच, आणि ते नीट झाले तर पुष्कळ आहे.

प्रात्यक्षिकाच्या वेळी विक्रेता जो पडदा दाखवतो, त्यावरील आकडे त्याचे असतात आणि ते नेहमी जुळतात. आपले आकडे जुळत नाहीत. खरी अडचण तेथेच असल्यामुळे निवडीचा विचारही तेथूनच सुरू व्हावा.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एखाद्या मध्यम कारखान्याची कल्पना करू या. क्राफ्ट कागदाची रिळे किलोवर विकत घेतली जातात आणि खोकी नगावर विकली जातात. तीनपदरी खोक्यात दोन सपाट थर आणि मध्ये एक नालीदार थर असतो. नालीमुळे मधल्या थराला सुमारे १.४ पट कागद लागतो. तिन्ही थर दर चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचे धरले, तर एक चौरस मीटरच्या तक्त्याला १५० अधिक १५० अधिक २१०, म्हणजे ५१० ग्रॅम कागद लागेल. दर ठरवताना हाच हिशेब होतो. परंतु एखाद्या ग्राहकाच्या मापाला ९२ सेंटिमीटर रुंदी हवी असते आणि हाताशी रीळ १०० सेंटिमीटरचे असते. उरलेले आठ सेंटिमीटर कतरणीत जातात आणि त्या खोक्याचा खरा खर्च ५५४ ग्रॅमवर पोहोचतो. कागद ३५ रुपये किलो धरला, तर एका खोक्यामागे दीड रुपयाहून अधिक आणि दहा हजार खोक्यांमागे सुमारे साडेपंधरा हजार रुपये अधिक लागले. कतरण विकून त्यातील काही भाग परत येतो, पण ती रक्कम साऱ्या कारखान्याच्या नावे एकत्र जमा होते. सर्वांत मोठी ऑर्डर देणारा ग्राहक सर्वांत कमी नफ्याचा असू शकतो, आणि ताळेबंद ते कधीच सांगत नाही.

हे सॉफ्टवेअर सांगेल काय? कोणत्या ऑर्डरला कोणते रीळ लागले याची नोंद कारखान्यात होत असेल, आणि तोच ऑर्डर क्रमांक टॅलीतील विक्रीच्या बिलावर असेल, तर होय. नसेल, तर लाख रुपयांचे सॉफ्टवेअरही तेच अज्ञान रंगीत करून दाखवील. डाळ मिलमध्ये उताऱ्याचा आणि फॅब्रिकेशनमध्ये भंगाराचा प्रश्न याच जातीचा आहे.

पक्षकारांच्या नावांचा गोंधळ हा दुसरा अडसर. एकच ग्राहक वहीत तीन नावांनी आढळतो : एकदा पूर्ण नाव, एकदा आद्याक्षरे, एकदा गावासह. तिन्हींची उधारी निरनिराळी दिसते आणि मर्यादा ओलांडली गेल्याचे कोणाच्याच ध्यानात येत नाही. यावर सोपा उपाय आहे. पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकातील तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरे म्हणजे त्या पक्षकाराचा पॅन असतो. नावाऐवजी या दहा अक्षरांवर आकडे एकत्र केले, तर निरनिराळ्या राज्यांतील शाखाही एकाच ओळीत येतात. हे काम मुनीमजी आणि घरातील एखादा तरुण मिळून करू शकतात. ते विक्रेत्यावर सोपवू नये. कोणता पक्षकार कोणाचा, हे त्याला कोठून कळणार?

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट करून पाहावी. बिलवार येणे, येण्याचे वय, साठ्याचे वय हे अहवाल टॅलीत मुळातच आहेत आणि अलीकडच्या आवृत्त्यांत डॅशबोर्डही आहे. पुष्कळ कारखान्यांत पावती बिलवार न लावता ‘खात्यावर’ जमा केली जाते, म्हणून हे अहवाल निरुपयोगी ठरतात आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. ती सवय सुधारली की निम्मे प्रश्न खर्चाविना सुटतात, असे आमचे मत आहे. काही वाचकांना ते विक्रेत्यांविषयी कठोर वाटेल.

उरलेल्या प्रश्नांसाठी बाजारात पर्याय आहेत. मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय एक्सेल वापरणाऱ्यास लवकर साधते. संगणकावर अहवाल तयार करण्याची त्याची डेस्कटॉप आवृत्ती विनामूल्य आहे. मात्र तो अहवाल इतरांना दाखवायचा झाला की प्रो परवाना लागतो, आणि साधारण व्यवस्थेत नुसता पाहणाऱ्यालाही तो घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा मूळ दर दरमहा माणशी १० डॉलरवरून १४ डॉलर झाला. आठ जणांचे वर्षाचे १,३४४ डॉलर होतात. रुपयांतील दर, करासह, विक्रेत्याकडून लेखी घ्यावा. झोहो ॲनालिटिक्स भारतीय कंपनीचे आहे आणि बिले व हिशेब आधीपासून झोहोत ठेवणाऱ्यांना ते सोयीचे. गुगलचे लुकर स्टुडिओ विनामूल्य असून गुगल शीटवर सहज चालते. मेटाबेसची मुक्त आवृत्ती परवान्याविना मिळते, पण ती आपल्या सर्व्हरवर सांभाळणारा माणूस लागतो. टॅब्लो उत्तम असले तरी खोक्यांच्या कारखान्याला ते महाग पडेल. यांपैकी कोणतेही घेतले तरी टॅलीतून आकडे बाहेर कसे येणार, हा प्रश्न आधी विचारावा. टॅली ज्या संगणकावर आहे तो रात्री बंद केला, तर सकाळचा अहवाल कालचाच राहील काय? विक्रेता येथे अडखळला, तर त्याच्या उर्वरित उत्तरांना फारसा अर्थ नाही.

देण्याच्या बाजूकडेही पाहावे. प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीनुसार, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत टळली, तर त्या खर्चाची वजावट ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळते. नुसता व्यापार करणारा पुरवठादार या तरतुदीत येत नाही. म्हणून पुरवठादाराच्या खात्यावर त्याची उद्यम नोंदणी आणि वर्ग लिहिलेला असेल, तर कोणाचे देणे कोणत्या तारखेला कडेला येते हे सॉफ्टवेअर रोज दाखवू शकते. मार्चअखेरीच्या धावपळीत अशा एका अहवालाने वर्षाचा परवाना वसूल होऊ शकतो.

आता ज्या गोष्टीविषयी विक्रेते बोलत नाहीत आणि कुटुंबेही बोलायचे टाळतात, तिच्याकडे येऊ. हे आकडे कोणी पाहावेत? सॉफ्टवेअर बसवणारा पहिल्याच दिवशी परवानग्यांची यादी मागतो. ग्राहकवार नफा पुतण्याला दिसावा काय? काकांच्या खरेदीचा दर मोठ्या भावांच्या दराशेजारी छापावा काय? आजवर हे ‘विचारले तर सांगू’ या पद्धतीने चालले. यंत्राला तेवढ्यावर भागत नाही, त्याला हो किंवा नाही हवे असते. भागीदारी अधिनियम १९३२ याबाबत स्पष्ट आहे. कलम ९ नुसार भागीदारांनी परस्परांना खरा हिशेब आणि पूर्ण माहिती द्यायची असते. कलम १२ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, प्रत्येक भागीदाराला पेढीच्या वह्या पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा अधिकार आहे. तेव्हा एखाद्या भागीदाराला पडदा बंद ठेवण्याचा निर्णय संगणकाच्या माणसाने घेऊ नये. तो सर्व भागीदारांनी एकत्र बसून घ्यावा आणि लिहून ठेवावा. मतभेद व्हायचेच असतील, तर ते या बैठकीत झालेले बरे. वाटणीच्या वेळी ते महाग पडतात. नोकरवर्गाबाबत मात्र हात आखडता असावा. विक्री प्रतिनिधीला त्याचे ग्राहक दिसावेत, खरेदीचा दर दिसू नये.

कारखाना खासगी मर्यादित कंपनी असेल, तर आणखी दोन नियम आहेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे आणि तो बंद करता न येणे सक्तीचे आहे. तसेच संगणकावर ठेवलेल्या लेखापुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज जतन करावी लागते. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला टॅलीतील नोंदी वाचण्याचीच परवानगी द्यावी, बदलण्याची देऊ नये.

पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्याच एका संपलेल्या महिन्याचे आकडे द्यावेत. ज्याचे उत्तर मुनीमजींनी हाताने आधीच काढून पाकिटात बंद केले आहे, असा एक प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ, त्या महिन्यात दहा मोठ्या ग्राहकांकडून कागदाचा खर्च वजा जाता किती उरले. दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत धनादेश लिहू नये. फरक पडला, तर चूक नेहमी यंत्राचीच असेल असे नाही, म्हणून मुनीमजींचा कागदही तपासावा. करारात तीन बाबी लेखी असाव्यात : दुसऱ्या वर्षाचा दर, बिघाड झाल्यास किती तासांत माणूस बुटीबोरीत पोहोचेल, आणि करार संपल्यावर आपले अहवाल व त्यांची सूत्रे एक्सेलमध्ये परत मिळतील काय. सुरुवात आर्थिक वर्षाच्या मध्यावर करण्यापेक्षा एप्रिलमध्ये करणे सोयीचे. ३१ मार्चला गोदामातील साठा प्रत्यक्ष मोजलेला असतो, रिळे तोललेली असतात, आणि आरंभीची शिल्लक खरी असल्याची खात्री देता येते.