पाटीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी

वसंत पंचमीला उज्जैनच्या सांदीपनी आश्रमात आईवडील लहानग्यांना घेऊन येतात. पाटीची पूजा होते, हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतले जाते. कृष्ण-सुदामा इथेच शिकले, गोमती कुंडाजवळ कृष्ण पाटीवरचे अंक धूत असे, ही या जागेमागची श्रद्धा. २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने आपल्या ‘सीएम राइज’ शाळांनाही सांदीपनींचेच नाव दिले. सोहळ्याबद्दल तक्रार नाही; एका दिवसाच्या गिरवण्याने कोणाचे बालपण करपत नाही. प्रश्न सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी, साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात एबीसीडी, बाराखडी आणि शंभरपर्यंतचे आकडे येऊन पडतात तेव्हा. घरी मराठी, गल्लीत हिंदी-माळवी बोलणारे इथले मराठी मूल दोन्ही भाषा सहज पेलते. पण जी भाषा त्याने अजून धड ऐकलेलीही नाही, तिची अक्षरे त्याला आधी लिहावी लागतात.

लवकर सुरुवात केली की मूल पुढे राहते, हा या घाईमागचा विश्वास. त्याला धक्का देणारा पुरावा अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातून आला. तिथल्या सरकारी बालवर्गांत गरीब घरांतल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून जागा मिळत. त्यामुळे प्रवेश मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना चोख होती. बालवर्ग संपताना पहिला गट पुढे होता. २०२२ मध्ये सहावीपर्यंतचे निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा तोच गट गुणांत मागे पडला होता आणि त्याच्या शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या. कारण एकच असेल असे नाही, पण मुलांना एका जागी बसवून घोटून घेण्याकडे अभ्यासकांनी बोट दाखवले आहे. आपल्याकडे आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या ग्रामीण भागात चार वर्षांच्या सुमारे १४,००० मुलांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१७ मध्ये आला. पाचव्या वर्षीही बहुतेक मुलांची शाळेसाठीची तयारी अपेक्षेपेक्षा कमी होती. खासगी नर्सरीत घोकंपट्टी, अंगणवाडीत शिकण्यासारखे फारच थोडे. वयाला साजेसे शिक्षण दोन्हीकडे नव्हते.

मग मुलांना नुसते खेळू द्यावे का? नाही. खेळाचे भाबडे कौतुक करणाऱ्यांनी दिल्लीचा प्रयोग पाहावा. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालवर्गांतल्या सुमारे १,५०० मुलांना चार महिने संख्या आणि आकारांचे खेळ दिले गेले. कमी-जास्त ओळखण्याची त्यांची नजर पक्की झाली आणि वर्षभर टिकली. शाळेतल्या लेखी गणितात मात्र टिकाऊ फायदा दिसला नाही. चिंचोक्यांचे ढीग लावणारी मुलगी कुठला ढीग मोठा ते अचूक सांगते, पण कागदावरचा ‘७’ त्याच ढिगाचा आहे हे तिला कोणीतरी जोडून द्यावे लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्याचे मर्म मला इथे दिसते. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी बिया, खडे, शिंपले घेतले, मुले येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. लक्षात राहतात ते शिंपले. पण मुलासमोर बसलेली, पुढचा प्रश्न कोणता विचारायचा हे जाणणारी शिक्षिका नसती, तर ते शिंपलेच राहिले असते.

खरा आक्षेप पालकांचा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. खेळ घरीही होतो, मग फी कशासाठी? भाजी विकणाऱ्या आईला भरलेली वही ही पैशांची पावती वाटते. तिला मेंदूविज्ञान ऐकवून उपयोग नाही. मुलाने आज काय ओळखले, कोणती गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली, हे तिला सांगणारे माणूस हवे. अंगणवाडी सेविका हे करू शकते, पण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या यांतून तिला वेळ कुठला? तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांच्या अभ्यासात, त्यांतल्या काहींत फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ जास्तीची कार्यकर्ती नेमण्यात आली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारले, आणि मूळ सेविकेला पोषणाकडे लक्ष देता आल्याने खुरटलेल्या मुलांचे प्रमाणही घटले. सांदीपनींच्या नावाने शाळा उभारणाऱ्या राज्याला असे एकेक माणूस अंगणवाडीत नेमणे परवडेल की नाही, हा हिशेब भोपाळला मांडता येण्याजोगा आहे.