पाणवाटा (भाग ९) : डोलकाठी न उतरवता आम्स्टरडॅमला

मागच्या आठवड्यात झीलंडचं खारं पाणी मागे टाकून आपण डॉर्ड्रेख्तला बोट बांधली. आता उत्तरेला, आम्स्टरडॅमला जायचं आहे, आणि समुद्रात न उतरता देशाच्या आतूनच जायचं आहे. शिडाच्या बोटीला यात अडचण असते ती डोलकाठीची. दहा-अकरा मीटर लांबीच्या साध्या यॉटचीही डोलकाठी पाण्यापासून चौदा-पंधरा मीटर उंच जाते, आणि वाटेत रस्ते, रेल्वे, ट्राम, मोटारमार्ग असं सगळंच आडवं येतं. फ्रान्समध्ये सेन नदीने पॅरिस गाठायचं, तर डोलकाठी क्रेनने उतरवून डेकवर आडवी बांधण्यावाचून गत्यंतर नाही. नेदरलँड्सने मात्र नैर्ऋत्येच्या व्लिसिंगनपासून ईशान्येच्या डेल्फझाइलपर्यंत एक सलग मार्ग असा राखला आहे, की त्यावरचा प्रत्येक पूल एकतर पुरेसा उंच आहे, नाहीतर तो उघडतो. याला तिथे ‘स्टांडे मास्ट रूटे’ म्हणतात, म्हणजे उभ्या डोलकाठीचा मार्ग.

कामावर निघालेले सायकलस्वार, मोटारी, बस, क्वचित रेल्वेसुद्धा एका छोट्या बोटीसाठी थांबते, हे पाहिलं की मला त्या देशाबद्दल फार आदर वाटतो. पाणी हाही तिथे रस्ताच आहे, आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. पण बोटवाल्यालाही त्यासाठी आपला वाटा उचलावा लागतो. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी, इंजिन चालू ठेवून, दोर हातात घेऊन तयार राहावं लागतं. भर समुद्रात वारा ओळखणारा माणूस शहाणा. इथे शहाणा तो, ज्याला थांबता येतं.

डॉर्ड्रेख्तहून निघून हॉलंडसे आयसेल या भरती-ओहोटीच्या नदीने वर आलं की गौड्याला यूलियाना लॉक लागतं. लॉकचं तत्त्व सोपं आहे. दोन पातळ्यांच्या पाण्यामध्ये एक हौद, त्याला दोन टोकांना दरवाजे. एका बाजूने आत शिरायचं, दार बंद होतं, झडपा उघडून हौदातलं पाणी पलीकडच्या पातळीला आणलं जातं, मग पुढचं दार उघडतं. पंप लागत नाही, पाणी आपल्या वजनानेच वाहतं. चीनमध्ये चिआओ वेइय्युए या अधिकाऱ्याने सन ९८४मध्ये महाकालव्यावर बांधलेलं लॉक या जातीचं सर्वांत जुनं ज्ञात उदाहरण मानतात. नेदरलँड्समध्ये फ्रेस्वाइकला १३७३मध्ये असं लॉक होतं.

खरं काम आहे ते दोराचं. आत शिरण्याआधीच दोन्ही बाजूंना फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या उशा, लटकवायचे, पुढचा आणि मागचा दोर मोकळा करून ठेवायचा, आकडी हाताशी घ्यायची. बाहेरचा दिवा लाल असला की थांबायचं. लाल आणि हिरवा एकत्र लागले की दार उघडायची तयारी चालली आहे. नुसता हिरवा लागला की आत जायचं. एकावर एक दोन लाल दिसले, तर लॉक बंद आहे, तिथे ताटकळण्यात अर्थ नाही. मालवाहू बार्ज बहुधा आधी आत जाते आणि आपण तिच्या मागे. ऐंशी-शंभर मीटरची ती बार्ज सुटताना पंखा फिरवते तेव्हा हौदातलं पाणी असं उसळतं, की घाई करून दोर सोडलेली यॉट भिंतीवर आडवी जाऊन आपटते. म्हणून बार्ज बाहेर पडून पाणी निवेपर्यंत आपले दोर सोडायचे नाहीत.

आणि ते दोर कधीही गाठ मारून बांधायचे नाहीत. भिंतीतल्या खुंटाला वळसा घालून दोराचं टोक परत बोटीवर आणायचं, डेकवरच्या क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला, एक वेढा द्यायचा आणि शेवट हातात धरायचा. पाणी उतरू लागलं की हाताने थोडा थोडा दोर सोडत जायचं, चढू लागलं की ओढून घ्यायचा. उतरत्या पाण्यात कुणी दोर घट्ट बांधून कॉफी करायला खाली गेला, तर काय होतं? बोटीची एक बाजू दोरावर लटकते, दुसरी पाण्याबरोबर खाली जाते, क्लीट कडकडू लागते. तेव्हा गाठ सुटत नाही, तिच्यावर टनभर वजन आलेलं असतं. त्यासाठीच कसलेल्या खलाशाच्या कमरेला सुरी असते. लहान मुलांना लॉकमध्ये बोट आणि भिंत यांच्यामध्ये पाय घालून बोट ढकलू देऊ नये, आणि मोठ्यांनीही तो मोह टाळावा. ते काम फेंडरचं आहे.

गौड्यानंतर गाउवे नदी. इथे आधी रेल्वेपूल आडवा येतो आणि तो दिवसातून मोजक्याच वेळा उघडतो, कारण त्यावरून देशातल्या गजबजलेल्या मार्गांपैकी एक जातो. वेळ हुकली की दुपार गेली. पुढे वाडिंक्सफेन, बोस्कोप आणि आल्फन इथे मोठमोठ्या मनोऱ्यांचे उचलपूल आहेत; रस्त्याचा आख्खा तुकडा आडवाच्या आडवा वर जातो. पूर्वी प्रत्येक पुलाशी राखणदार असे. आता बहुतेक पूल दूरच्या नियंत्रण केंद्रातून कॅमेऱ्यांवर पाहून उघडतात. तरी व्हीएचएफ रेडिओवर आपल्या बोटीचं नाव आणि दिशा सांगितली की पलीकडून माणसाचाच आवाज येतो, आणि पूल पार झाल्यावर त्याला धन्यवाद द्यायची रीत अजून टिकून आहे.

मग येतो या वाटेवरचा माझा सर्वांत आवडता टप्पा, हार्लेमरमेअरभोवतीचा कालवा. इथे एके काळी मोठं सरोवर होतं. वादळात त्याचं पाणी काठ खात खात आम्स्टरडॅम आणि लायडनच्या दाराशी येई. १८४०मध्ये त्याच्याभोवती सुमारे साठ किलोमीटरचा कालवा आणि बांध घालायला सुरुवात झाली, नंतर तीन वाफेच्या पंपांनी सरोवर उपसायला घेतलं आणि १८५२मध्ये तळ कोरडा पडला. त्या तळावर आज शेतं आहेत, गावं आहेत, शिपोल विमानतळ आहे. आपण मात्र अजून जुन्या पाण्याच्या पातळीवरून चाललेलो असतो. डेकवर उभं राहून डावीकडे पाहिलं की घरांची कौलं डोळ्यांच्या रेषेत येतात, आणि अंगण आपल्या तळाच्याही खाली असतं. बांधाच्या त्या काही मीटर मातीवर किती भिस्त आहे, हे नकाशावरून कळत नाही, बोटीतून लगेच कळतं.

शिपोलजवळचा मोटारमार्गाचा पूल गर्दीच्या वेळा टाळून उघडतो. त्यापुढे न्यूवेमेअर तलाव, आणि त्याच्या टोकाला आम्स्टरडॅमचं लॉक. या लॉकमध्ये बोट जेमतेम वीसेक सेंटिमीटर वर चढते, पण त्यापलीकडे शहराचं मोठं कुलूप आहे. वर्तुळमार्ग आणि रेल्वे यांचे पूल, मग ट्रामचे रस्ते, आणि शेवटी सेंट्रल स्टेशनकडे जाणारे रूळ. दिवसा हे सगळं थांबवणं अशक्य. म्हणून बोटी संध्याकाळपासून धक्क्याला लागून थांबतात, नोंद करतात, आणि रात्री त्यांचा ताफा शहरातून नेला जातो. उत्तरेकडून येणाऱ्यांचा ताफा वेगळा.

या ताफ्यात झोप विसरावी लागते. डझनभर पूल एकामागून एक उघडतात. पुलाचे कर्मचारी ताफ्याबरोबर काठाने पुढे सरकतात, त्यामुळे मागे रेंगाळलेल्या बोटीमुळे सगळ्यांचाच खोळंबा होतो. पुढच्या बोटीचा मागचा पांढरा दिवा नजरेआड होऊ द्यायचा नाही, आणि तिला चिकटायचंही नाही, कारण पुढचा पूल उघडेपर्यंत अरुंद पाण्यात सगळ्यांना जागच्या जागी उभं राहावं लागतं. बाजूचा वारा असेल तर हे फार कठीण जातं. नवख्याने आधी तलावात तासभर याचा सराव करावा. रात्रीची धास्ती वाटत असेल, तर हार्लेमवरून दिवसाची वाट आहे. तिथे पुलांचे पैसे भरावे लागतात, पण स्पार्ने नदी शहराच्या मधून जाते, १७८४पासून उघडं असलेलं टायलर्स संग्रहालय अगदी काठावर आहे, आणि त्या परिसरात धक्क्याला रात्रभर बोट बांधता येते.

रात्रीचा ताफा पहाटेच्या सुमारास शेवटचा रेल्वेपूल ओलांडून आय या रुंद पाण्याशी येतो. समोर सिक्सहाफन हा छोटा बंदरतळ आहे, बरोबर सेंट्रल स्टेशनच्या पलीकडच्या काठाला. इतक्या मोठ्या राजधानीच्या इतक्या मध्यावर यॉट ठेवायची सोय युरोपातही विरळा. शहरात जायला फेरी आहे, ती फुकट आहे आणि रात्रंदिवस चालते. मात्र तीच फेरी तळाच्या तोंडाजवळून सारखी ये-जा करते, शिवाय मोठ्या बार्ज, प्रवासी जहाजं. त्यामुळे शिडं उतरवून, दोन्ही बाजूंना पाहून, मगच काटकोनात पाणी ओलांडायचं.

डच बंदरतळांत जागेवर हिरवी पाटी असेल तर ती मोकळी, लाल असेल तर मालक संध्याकाळी परतणार. उन्हाळ्यात सिक्सहाफनला हिरवी पाटी मिळणं कठीण. मग बोटीला बोट लावून बांधतात, दोन, तीन, कधी चार. अशा वेळी आधी शेजाऱ्याला हाक मारून परवानगी मागायची. फेंडर आपले लावायचे. आपला भार त्याच्या क्लीटवर न टाकता पुढून-मागून स्वतःचे दोर थेट काठापर्यंत न्यायचे. काठावर जाताना त्याच्या कॉकपिटमधून कधीच जायचं नाही, डोलकाठीच्या पुढून, रबरी तळव्याच्या बुटांनी, आवाज न करता जायचं. आणि झोपण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्यायची: तुम्ही सकाळी किती वाजता निघणार? आतली बोट सहाला निघणार असेल, तर बाहेरच्या सगळ्यांना पावणेसहाला उठून तिला वाट करून द्यावी लागते. त्यावर कुरकुर करायची नसते; परवा त्या बोटीच्या जागी आपण असू.

पुढच्या भागात इथून पूर्वेला, शेलिंगवाउडेच्या ओरांये लॉकमधून मार्करमेअरमध्ये उतरू. १८७२च्या त्या लॉकमध्ये उन्हाळ्यात पातळीचा फरक पुन्हा वीसेक सेंटिमीटरचाच असतो, पण पलीकडे कितीतरी दिवसांनी शिडं उभारता येतील.